बिनडोक्याचं जनावर

४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नका, इकडे कुणाला काही झालेलं नाही. एक विचारायचं आहे, त्यामुळे पत्र लांबलं.

बागेतलं मेरी-गो-राउंड पुन्हा सुरू होतंय. हे गेल्यापासून ते बंदच होतं. मालक म्हणायचा, प्राण्यांची डागडुजी करणारा माणूसच राहिला नाही, मुलं कशाच्या भरवशावर बसवू? आता त्याच्या मुलीनं हट्ट धरलाय की सुट्टी लागली की चक्र फिरलंच पाहिजे. तीच ती, प्राण्यांना रंग देते, जिला हे रंगारीण म्हणायचे. त्यासाठी त्यांनी मागच्या शेडमधली ह्यांची कार्यशाळा उघडली आणि मला बोलावलं. तुम्हाला ठाऊक आहे, लाकडाच्या भुशानं मला धाप लागते. लग्न झाल्यापासून मी त्या दाराच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, डबासुद्धा खिडकीतून द्यायचे. या वेळी नाकातोंडाला रुमाल बांधून गेले.

मधोमध चादरीखाली एक जनावर उभं होतं.

रंग नाही, कोरं लाकूड. पुढचा एक पाय म्हणजे सिंहाचा पंजा, नखं आत ओढलेली. दुसरा दुभंगलेल्या खुराचा, बैलासारखा पण नाजूक. मागे एका बाजूला गरुडाची नखं, दुसऱ्या बाजूला नुसतं भोक आणि त्याखाली लाकडाचा टेकू. शेपूट माशाचं. त्याचे खवले इतके बारीक कोरलेत की मी बोट फिरवलं तर बोटाला खरंच निसरडं लागलं. खांद्यावर वटवाघळाचा असतो तसा पंख, एकच. आणि मानेच्या जागी काहीच नाही. डोकंच नाही, भाऊजी.

मामंजींनी हे चक्र घडवलं तेव्हा मालकाच्या वडलांची अट होती ना, की घोडे नकोत, घोडे कुठेही बघायला मिळतात, मला जगात नसलेले प्राणी पाहिजेत. त्यामुळे आपल्याकडे एकशिंग्या आहे, गरुडतोंड्या आहे, समुद्रघोडा आहे, तो पंखवाला साप आहे. पण हे असलं जनावर मी चक्रावर कधी पाहिलं नाही, आणि ह्यांनी घरी येऊन त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

मालक म्हणाला, "वहिनी, हे दादांचं शेवटचं काम. पुरं करून घेऊ, चक्रावर एक जागा मोकळी आहेच, खाली पितळी पाटी लावू." एप्रिलमध्ये बाहेरून एक कोरीवकामवाला येणार आहे. त्यानं निरोप पाठवला की डोकं कशाचं ते ठरवून ठेवा.

"सिंहाचं लावू या," मालक म्हणाला. "मुलांना सिंह आवडतो."

"बाबा, तुम्ही गप्प बसा," रंगारीण म्हणाली.

ह्यांच्या मनात कुठलं जनावर होतं? तुमच्याशी कधी बोलले होते का? मामंजींच्या हाताखाली तुम्ही दोघं एकत्र शिकलात, तुम्हाला काही अंदाज असेल. त्यांच्या शेवटच्या कामाला भलतंच तोंड चिकटवलं, तर मला रोज त्या बागेवरून बाजारात जाववणार नाही.

तुमची वहिनी


१७ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा उभ्यानं, एकदा बसून. पत्र कसलं, वर्तमानपत्राची पुरवणीच म्हणा ना.

दादा मला त्याबद्दल काही बोलले नव्हते. फोटोबिटो पाठवायच्या भानगडीत पडू नका, तुमच्या लिहिण्यावरून सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. कोरीवकामवाल्याला घाई करू देऊ नका एवढंच.

इथे गोदीत सध्या एका मोठ्या बोटीचा डेक उखडून नव्या फळ्या बसवतोय. तुमच्या जनावराचं वर्णन मी तिथल्या आचाऱ्याला ऐकवलं. हा स्कॉटलंडकडचा, आजीकडून ऐकलेल्या गोष्टींचं गाठोडं घेऊन फिरतो. म्हणाला, आमच्याकडे तळ्याकाठी एक पाणघोडा असतो. दिसायला गरीब, काठावर चरत उभा. पोरं पाठीवर चढतात. एक चढलं की दुसऱ्याला जागा होते, दुसरं चढलं की तिसऱ्याला, पाठ लांबतच जाते. आणि सगळी बसली की हात चिकटलेले, आणि घोडा पाण्यात! मी म्हटलं, बाबा रे, आमच्या चक्राच्या मालकाला हे सांगू नकोस, त्याला पाठ लांबणाऱ्या जनावराचा फार मोह होईल.

तुमच्या घरामागे ते मोठं ग्रंथालय आहे. पूर्वी जात होतात ना? जाऊन बघा की. माशाचं शेपूट नि सिंहाचा पंजा, कुठल्या तरी देशात असेलच असा गडी. सापडला की मला सविस्तर कळवा. इथे आमच्या डेकवर आता सगळ्यांनाच उत्सुकता लागलीय.

तुमचा,
भाऊजी


११ मार्च

प्रिय भाऊजी,

ग्रंथालयातल्या माणसानं मला ओळखलं नाही. मग ओळखलं, आणि म्हणाला, "आजी, इतक्या दिवसांनी? काय देऊ, पाककृती?" मी म्हटलं, "राक्षस द्या." तेव्हापासून मी आत शिरले की तो टेबलावरूनच विचारतो, "आज कुठल्या देशाचे?"

किती आहेत हो! मला वाटायचं, असली जनावरं म्हणजे कुणाच्या तरी डोक्यातला खेळ. पण प्रत्येकाला काही ना काही काम नेमून दिलेलं आहे. जपानच्या नद्यांत एक कप्पा असतो, मुलाएवढा, पाठीवर कासवासारखं कवच, डोक्यावर खळगा आणि त्यात पाणी. तो माणसाला ओढून नेतो, पण फार शिष्टाचाराचा. तुम्ही वाकून नमस्कार केलात की तोही वाकतो, डोक्यातलं पाणी सांडतं आणि त्याची ताकद जाते. मी वाचता वाचता मोठ्यानं हसले. शेजारचे गृहस्थ चष्म्यावरून बघायला लागले. तुमच्या आचाऱ्याचा पाणघोडाही सापडला. एक लक्षात आलं: जिथे म्हणून खोल पाणी आहे, तिथे लोकांनी कुणाला तरी बसवून ठेवलेलं आहे. मुलांनी काठावरून वाकू नये, दुसरं काय? आईच्या ओरडण्याला कोण भीक घालतं? मग जनावर नेमायचं.

आता आपल्याविषयी. आधी वाटलं, चीनमधला किलिन असेल. त्याला खूर असतात, आणि इतका जपून चालतो की गवताचं पातंही मोडत नाही. पण त्याला पंजा नाही. मग नवगुंजर सापडला, नऊ प्राण्यांचा मिळून एक, पण त्याच्या एका पायाच्या जागी माणसाचा हात असतो. मकराला शेपूट आहे पण पंख नाही. असं करत करत रोज एक जण बाद व्हायचा. संध्याकाळी घरी येताना, आज हे ह्यांना सांगायचं, असं मनात घोळवत जिना चढायचे आणि कुलूप काढताना आठवायचं. त्याची सवय झालेली आहे. पण या दिवसांत निदान सांगण्यासारखं काहीतरी असायचं.

आणि परवा सापडला, भाऊजी. त्याचं नाव बाकू. सोंड हत्तीची, पंजे वाघाचे, शेपूट बैलाचं. तुम्ही म्हणाल आपलं तर माशाचं आहे. पण पुढं वाचा. असं सांगतात की सगळे प्राणी घडवून झाल्यावर देवांकडे तुकडे उरले, त्या उरलेल्या तुकड्यांतून हा केला. म्हणजे कुठलाही तुकडा चालतो! आणि त्याचं काम ऐका. तो माणसांची वाईट स्वप्नं खातो. मूल दचकून उठलं की त्यानं बाकूला हाक मारायची.

शेवटच्या वर्षी ह्यांना झोप कशी लागायची ते तुम्हाला मी कधी लिहिलं नाही. डोळा लागला की दचकायचे. काय दिसलं विचारलं तर सांगायचे नाहीत, भिंतीकडे वळायचे. आणि सकाळ झाली की चालवत नसतानाही कार्यशाळेत जायचे. मी चिडायचे, असं काय अडलंय तिथं? आता कळलं काय अडलं होतं. ते स्वतःसाठी घडवत होते.

मालकाला सांगितलं, सोंड लावायची. कोरीवकामवाला एक तारखेला येतोय. मानेच्या जागेला सोंडेचं डोकं बसेल असा सांधा कापायचा, तर धड पुढून थोडं तासावं लागेल म्हणतो. मी हो म्हटलं. तुम्हाला आधी कळवावं असं वाटलं.

तुमची वहिनी


२२ मार्च

वहिनी,

आधी एवढंच वाचा: त्या माणसाला लाकडाला हात लावू देऊ नका. एकही खुंटी काढू नका, काही तासू नका.

आता पुढचं. ते जनावर नाही. ती धर्मशाळा आहे.

चक्रावरच्या एखाद्या प्राण्याचा पाय तडकला की बाबा नवा कोरायचे. पूर्ण सुकलेलं लाकूड कधी वेळेवर मिळायचं नाही. ओल्या लाकडात कोरलेला पाय तसाच फळीवर ठेवला की सुकता सुकता पीळ घेतो, मग तो मूळ जनावराला बसत नाही. म्हणून बाबांनी एका मोडीत काढलेल्या प्राण्याचं धड ठेवून दिलं होतं. कुणाचाही नवा पाय, कुणाचंही शेपूट त्या धडावर खुंट्या ठोकून आवळून टाकायचं. सुकेपर्यंत तिथं मुक्काम, नंतर ज्याचं त्याला. सकाळी दार उघडलं की बाबा विचारायचे, "धर्मशाळेत कोण कोण उतरलंय?" दादांनी तेच पुढं चालू ठेवलं असणार. डोकं नाही, कारण डोकं कधी नव्हतंच. ते धडच बिनडोक्याचं होतं.

तुमचं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला हे कळलं होतं. मी लिहिलं नाही. आता धड तासायची वेळ आली म्हणून लिहितोय.

भाऊजी


३० मार्च

भाऊजी,

कोरीवकामवाल्याला येऊ नका म्हणून कळवलं. मालकाला खरं सांगितलं. त्यानं फक्त खुर्ची पुढं सरकवली. माणसं अशी खुर्ची पुढं करतात तेव्हा मला फार राग येतो.

तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तुम्ही मला ग्रंथालयात पाठवलंत. वहिनी एकटी आहे, तिला लावून देऊ काहीतरी उद्योगाला, असंच ना? मी तिथे किलिनचे खूर मोजत होते आणि तुम्ही डेकवर हसत होता?

बाकूचं मी तुम्हाला लिहिलं. ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी शेजारी असायचे, भाऊजी. हे दचकून उठले की मी पाणी द्यायचे, पाठीवरून हात फिरवायचे, आणखी काही करता यायचं नाही. मला वाटलं, जे माझ्यानं झालं नाही त्यासाठी ह्यांनी कुणाला तरी घडवलं. त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. बरं वाटलं होतं. आता तुम्ही म्हणता, ते लाकूड नुसतं सुकत होतं.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

हसत नव्हतो. डेकवर तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवायचो हे खरं. कप्पाचं ऐकल्यापासून इथे सगळे एकमेकांना वाकून नमस्कार करतायत. आचारी तर रोज विचारायचा, तुझ्या वहिनीला आज कोण भेटलं?

दादा गेल्यापासून तुमची पत्रं यायची. मी बरी आहे, तुम्ही बरे असाल, हवा बरी आहे. पोस्टमननं पाकीट हातात ठेवलं की आत काय आहे ते न फोडता सांगता आलं असतं. फेब्रुवारीत तुम्ही मला पहिल्यांदा काहीतरी विचारलंत. उत्तर माझ्याकडे एका ओळीचं होतं. ते लिहिलं असतं तर पुढचं पत्र पुन्हा हवा बरी आहे असं आलं असतं. लिहायला बसलो आणि पाणघोड्याचं लिहून मोकळा झालो. तुमच्या भल्यासाठी केलं म्हणणार नाही. मला पत्र हवं होतं. तुम्ही त्यातून ह्या टोकाला जाल, दादांच्या झोपेपर्यंत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. चुकलो.

एक मात्र बोलतो, मग वाटल्यास पुन्हा रागवा. नुसतं लाकूड सुकत होतं असं तुम्ही लिहिलंत. चालवत नव्हतं तेव्हा दादा तिथे जाऊन बसले ते नवं काही घडवायला नाही, चक्रावर जे लंगडत होते त्यांचे पाय करायला. मला ते कमी वाटत नाही.

कुठला भाग कुणाचा ते इथे बसून सांगता येणार नाही. प्राण्यांच्या पायांवर कुठे पत्रा ठोकलेला, तार गुंडाळलेली दिसते का बघा. वरून रंग दिलेला असेल, खरवडावा लागेल. कोरीवकामवाल्याला पुन्हा बोलवा. खुंट्या उलट्या बाजूनं ठोकायच्या, नाहीतर भाग फुटेल.

भाऊजी


२६ मे

प्रिय भाऊजी,

रागावले होते. अजून थोडी आहे, पण लिहायला हरकत नाही इतपत.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि रंगारीण पाती घेऊन चक्राखाली शिरलो. तिनं स्वतः दिलेला रंग स्वतःच खरवडायचा म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं. "काकू, ह्या गुडघ्याला मी तीन हात दिले होते हो," असं म्हणत खरवडायची. एकशिंग्याच्या पायावर पत्रा निघाला. समुद्रघोड्याच्या शेपटात तारच तार. पंखवाल्या सापाचा एक पंख चक्क शाईच्या डब्याच्या पत्र्याचा होता, वरून रंग दिलेला, आणि एवढी वर्षं कुणालाही कळलं नव्हतं. सिंहाचा पंजा आणि गरुडाची नखं मात्र कुणाची ते कळेना. चक्रावर सिंहही नाही आणि गरुडही नाही, आणि गरुडतोंड्याचे पाय रंगाच्या थरांखाली नुसते खांब झालेले. दोन दिवस आम्ही दोघी पंज्याचं माप घेऊन वधूसंशोधन केल्यासारख्या दारोदार हिंडत होतो. शेवटी माझ्या लक्षात आलं. मी पुस्तकात वाचलेलंच होतं: गरुडतोंड्याचे पुढचे पाय गरुडाचे असतात आणि मागचे सिंहाचे! एकट्या गरुडतोंड्यानं धर्मशाळेत दोन खाटा अडवल्या होत्या.

कोरीवकामवाला आला. सगळं जागच्या जागी बसलं, पाचर लावायची वेळ कुठेही आली नाही. तो पुन्हा पुन्हा सांधा चाचपून बघत होता आणि मला विचारत होता, "मोजमाप कुठं लिहून ठेवलं होतं त्यांनी?" मी म्हटलं, "डोक्यात." एकेक पाय उतरला तसं ते जनावर नाहीसं होत गेलं. मी तिथेच बसून राहिले, रुमाल बांधून. बघवेल असं वाटलं नव्हतं. पण एकशिंग्या स्वतःच्या पायांवर उभा राहिला तेव्हा रंगारिणीनं टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या.

धड तेवढं उरलं. मालक म्हणाला, ह्याचं काय करू, टाकून देऊ? मी त्याच्यावर बसून बघितलं. भाऊजी, मी चक्रावर कधी बसलेच नव्हते. लोक काय म्हणतील, आणि त्या प्राण्यांवर चढायचं म्हणजे पाय केवढा वर उचलावा लागतो. हे मात्र बुटकं, रुंद, पाठ झिजून गुळगुळीत. म्हटलं, मोकळ्या जागेवर ह्यालाच बसवा, पाय नकोत नि डोकंही नको. ज्या मुलांना उंच चढायची भीती वाटते, दात विचकलेल्या तोंडाची भीती वाटते, ती ह्यावर बसतील. रंगारिणीनं त्याला चिखलासारखा हिरवट रंग दिला. पाटी लावली नाही. लावायची तर सगळ्यांच्याच पायांना लावावी लागली असती.

चक्र सुरू झालं. पहिल्या दिवशी ह्या बुटक्याकडे कुणी फिरकलं नाही. नंतर एक चिमुरडी आली, तिचा मोठा भाऊ कधीच पंखवाल्या सापावर जाऊन बसला होता. तिनं बुटक्याभोवती एक फेरी मारली आणि तिथे उभ्या असलेल्या एका मुलाला विचारलं, "ह्याचं डोकं कुठंय?"

"खाली आहे. जमिनीत."

"थापा!"

"मग चक्र कोण फिरवतं? तोच फिरवतो खालून. म्हणून त्याला वर यायला वेळ नसतो."

"आणि पाय?"

"पाय पण खाली. त्याशिवाय चालेल कसा?"

मालक जवळच होता. खाली मोटर आहे, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि मी त्याचा दंड धरला. त्या दिवसापासून बघतेय. त्याच्यावर टाच मारायची नाही, त्याला राग आला तर तो चक्र उलटं फिरवेल, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. बसण्याआधी पाठीवर दोनदा थोपटायचं. काही जण कान लावून त्याचा श्वास ऐकतात, आणि ज्यांना ऐकू येत नाही तेही आला म्हणून सांगतात. सुट्टीला परगावाहून आलेल्या एका मुलाला बाकीचे इतक्या गंभीरपणे समजावत होते की मी बाकावरून उठून जवळ जाऊन उभी राहिले. मी इतकं वाचलं, पण असं एखादं जनावर जन्माला येताना शेजारी कुणीच उभं नव्हतं. मी होते. ह्यांना हे सांगायला पाहिजे होतं. तेवढं मनात येऊन गेलं. मग तुम्हाला लिहायला घेतलं.

आज ती चिमुरडी माझ्याकडे आली. मी रोज तिथे बसते म्हणून तिला वाटतं मी जनावरांची कुणीतरी लागते. खालच्या आवाजात विचारलंन, "आजी, तो खातो काय?"

मी ग्रंथालयात जाणार होते. पण त्याचं तिथे काही लिहिलेलं नसणार. मी तिला म्हटलं, थांब हं, एकांना विचारून सांगते.

भाऊजी, काय सांगू तिला?

तुमची वहिनी